शेपूट आधी तुटलं

१

विमान पडलं होतं तळ्याच्या बांधावर. पण त्याच्या शेपटाचा उजवा तुकडा सापडला तो तिथून दीड मैल मागं, नाचणीच्या कापलेल्या शेतात.

जयसिंगराव घोरपडे त्या तुकड्यापाशी उकिडवे बसले. हवाई दलातून विंग कमांडर म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ बोलायला तिखट म्हणून बेंगळूरभर ओळखले जात. विमान वाहतूक खात्यानं या अपघाताची चौकशी त्यांच्याकडे सोपवली होती. विमानं बनवणाऱ्या 'गगनवेध' कंपनीचा मालक यशोवर्धन शितोळे बुटांना माती लागू नये म्हणून शेताच्या बांधावरच उभा होता.

"साहेब, मुख्य अवशेष तिकडं आहेत," तो वरूनच म्हणाला. "हा तुकडा आदळल्यावर उडून आला असेल."

"दीड मैल? आणि तोही मागं?"

यशोवर्धननं तळ्याकडे एकदा वळून पाहिलं.

"विमान आदळलं म्हणून शेपूट तुटलं नाही, शितोळे. शेपूट तुटलं म्हणून विमान आदळलं. हवेत असतानाच तुटलं."

"तेच तर आम्ही सांगतोय! आमच्या वैमानिकानं, रणवीर इंगळेनं, वेग मर्यादेबाहेर नेला. मर्यादा ताशी दोनशे ऐंशी किलोमीटरची, आणि काट्यावर दोनशे अठ्ठ्याण्णव होते. आमच्याकडे आलेख आहे. धाडसाची हौस होती त्याला, दुसरं काय!"

जयसिंगराव संतापले. सकाळच्या पेपरात याच अर्थाचा मथळा छापून आला होता. 'स्टंटबाज वैमानिक स्वतःच्याच हौसेचा बळी.' पोराची राख अजून निवली नव्हती.

ते पुन्हा तुकड्याकडे वळले. 'भारद्वाज' या दोन आसनी विमानाची ती शेपटाची हलती फळी होती. वैमानिक दांडा पुढं-मागं करतो तेव्हा हीच फळी वर-खाली होते आणि विमानाचं नाक उचलतं किंवा झुकतं. फळीच्या पुढच्या टोकाला, बिजागरीच्या पुढं, शिशाचं वजन बसवलेलं होतं. त्याच्या झाकणाला चार स्क्रू होते. जयसिंगरावांनी एका स्क्रूच्या खाचेत नख घातलं. निळ्या रंगाचा अखंड पापुद्रा नखावर आला. उरलेल्या तीन खाचाही तशाच रंगानं भरलेल्या होत्या.

ते उठले. ड्रायव्हरला म्हणाले, "हा तुकडा माझ्या जीपमध्ये घे. कंपनीच्या कुणाचा हात लागता कामा नये."

२

रणवीरचं घर के. आर. पुरमला, रेल्वे क्वार्टर्सच्या मागच्या गल्लीत होतं. दारात चपलांचा ढीग, आत बायकांचं हळू आवाजातलं बोलणं. रणवीरची बायको मथुरा भिंतीला टेकून बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. पेपर तिच्या मांडीवर होता.

"अण्णा, तुम्ही पण हेच लिहिणार का?" तिनं विचारलं. दोन्ही घराणी बेंगळूरची जुनी मराठी, लग्नकार्यात भेटणारी. ती त्यांना लहानपणापासून अण्णाच म्हणे.

"मी अजून काही लिहिलेलं नाही."

"हे स्कूटरसुद्धा चाळीसच्या वर नेत नव्हते. मी मागं बसून ओरडायची, अहो, जरा जोरात चालवा, सिनेमा सुरू होईल. आणि पेपरवाले ह्यांना स्टंटबाज म्हणतात!" तिनं पेपर चुरगळून कोपऱ्यात फेकला. "ती मर्यादा कोण ठरवतं, अण्णा? तेवढं मला सांगा. ज्या रेघेपायी माझा माणूस मेला, ती रेघ मारतं कोण?"

जयसिंगराव तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"आधी कागदावर हिशेब होतो. ठरावीक वेगाच्या पुढं वारा पंखाला किंवा शेपटाला असा काही धरतो, की ते आपोआप फडफडायला लागतं. त्याला फ्लटर म्हणतात. एकदा सुरू झालं की दोन-चार श्वासांत सगळं फाडून टाकतं. ते कुठल्या वेगाला होईल, हे इंजिनियर काढतो. मग विमान जमिनीवर उभं करून यंत्रानं हलवतात, कुठला भाग कसा थरथरतो ते मोजतात आणि हिशेब पडताळतात."

"आणि मग?"

"मग वैमानिकाला वर पाठवतात. तो उंचावरून सूर मारतो, पायरी पायरीनं वेग वाढवत. दोनशे वीस, दोनशे चाळीस, दोनशे पन्नास. प्रत्येक पायरीवर दांड्याला एक टिचकी मारतो आणि थरथर किती लवकर विरते ते खालचे लोक बघतात. लगेच विरली तर पुढची पायरी. रेंगाळली तर तिथंच थांबायचं. शेवटच्या पायरीपर्यंत तो सुखरूप जाऊन आला, की तिच्या नव्वद टक्क्यांवर काट्याच्या तबकडीत लाल रेघ मारतात. विकत घेणाऱ्यानं ती कधी ओलांडायची नाही. 'भारद्वाज'ची शेवटची पायरी होती दोनशे ऐंशी. म्हणजे लाल रेघ दोनशे बावन्नवर येणार."

"म्हणजे दुसऱ्यांनी सुखरूप राहावं म्हणून हे पुढं जात होते."

"होय."

मथुरानं उंबऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "त्या दिवशी निघताना ह्यांचं मन नव्हतं. विमानाला नवा रंग दिलाय म्हणाले. पांढरं होतं ते निळं केलं, प्रदर्शनासाठी. 'वजनं पुन्हा जुळवलीत का ते विचारतो, नसतील तर मी बसत नाही,' असं म्हणून गेले."

जयसिंगरावांनी मान वर केली. "नक्की असंच म्हणाले?"

"ह्याच उंबऱ्यावर. पण मग बसले का, अण्णा?"

३

मारतहळ्ळीच्या पुढं, शेतांच्या कडेला 'गगनवेध'चं हँगर होतं. शेजारच्या पत्र्याच्या खोलीत विमानाकडून रेडिओवरून येणारे आकडे संगणकात उतरत. ते काम रम्याकडे होतं. पोरगी हुशार होती.

तिनं आलेख पुढं केला. रेघ चढत चढत दोनशे अठ्ठ्याण्णववर गेली होती आणि तिथं अचानक दातेरी होऊन तुटली होती.

"रेडिओवर रणवीर शेवटचं काय बोलला?"

"'दोनशे साठ. स्थिर. टिचकी मारतोय.'" ती म्हणाली. "त्यानंतर नुसता खडखडाट."

"तो दोनशे साठ म्हणतो, तुझा कागद दोनशे अठ्ठ्याण्णव म्हणतो. दोघांतलं खोटं कोण?"

रम्यानं कागद सरळ केला.

"तेव्हा उंची किती होती?"

"नऊ हजार फूट, सर."

जयसिंगरावांनी खिशातून पेन काढलं आणि कागदाच्या कोपऱ्यात भागाकार मांडला. उत्तर आल्यावर त्यांनी पेन इतक्या जोरात आपटलं की त्याचं टोपण उडालं.

"खोटं कुणीच नाही! वर हवा विरळ असते. काटा हवेच्या दाबावर चालतो, त्यामुळे तो कमी वेग दाखवतो. नऊ हजार फुटांवर काटा दोनशे साठ दाखवत असेल, तर विमान हवेतून खरोखर दोनशे अठ्ठ्याण्णवनं जात असतं. वैमानिकाला दिलेली मर्यादा काट्यावरची असते. हा कागद खऱ्या वेगाचा आहे. आणि वरचं शीर्षक कुठं गेलं?"

रम्यानं कागदाची वरची कोरी कड बोटानं झाकली.

"आधीच्या आठवड्यात, विमान पांढरं होतं तेव्हा, त्यानं दोनशे पन्नासची पायरी केली, याच उंचीवर. त्याचा खरा वेग किती होता?"

"दोनशे शहाऐंशी."

"म्हणजे या कागदाच्या हिशेबानं पोरानं आधीच मर्यादा मोडली होती! तेव्हा कुणी ओरडलं? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या ना?"

"वाजवल्या," ती पुटपुटली. डोळे पुसून म्हणाली, "अवशेष सापडायच्या आधी मला फोन आला, सर. 'खऱ्या वेगाचा रकाना छाप, वरचं शीर्षक काढून टाक.' मी विचारलं का, तर म्हणाले, सांगितलं तेवढं कर."

"कोण म्हणालं?"

"नाव विचारू नका. घरात मी एकटी कमावती आहे."

जयसिंगरावांना तिचाही राग आला होता, पण तो त्यांनी गिळला. "ठीक. नाव मीच काढीन."

दारातून बाहेर पडताना ते थबकले. रणवीर निर्दोष होता, हे आता कागदावर सिद्ध झालं होतं. पण कंपनीच्याच हिशेबाप्रमाणे 'भारद्वाज'ला फ्लटर होणार होता तीनशे चाळीसच्या वर. मग दोनशे अठ्ठ्याण्णव हा वेग धरला, तरीही शेपूट तुटायला नको होतं.

४

सुहास टिपणीस हा मुख्य डिझायनर. मूळचा पुण्याचा, स्वच्छ दाढी केलेला, शांत. फ्लटरचा सगळा हिशेब त्याचाच.

"व्हेरी सॅड," तो म्हणाला. "रणवीर माझा मित्र होता. पण टेस्ट फ्लाइंगमध्ये रिस्क असतेच, सर."

"रंग कुणी बदलायला लावला?"

"यशोवर्धननी. डिसेंबरच्या प्रदर्शनासाठी कंपनीचा निळा हवा होता. मूळ रंगावर पुट्टी भरून निळ्याचे दोन हात दिले."

"शेपटाच्या फळीवरही?"

"ऑफ कोर्स."

"म्हणजे बिजागरीच्या मागं वजन वाढलं. मागं वजन वाढलं की फ्लटर अलीकडच्या वेगाला येतो. हे तुला मी शिकवायला नको."

"म्हणूनच तर पुढं शिसं वाढवलं, सर." सुहास किंचित हसला. "रंग वाळल्यावर प्राणेशनं झाकण उघडून शिसं घातलं. मी स्वतः शेजारी उभा होतो. स्क्रू आवळले आणि विमान थेट बाहेर काढलं. टच-अप करायलाही वेळ नव्हता."

"वा," जयसिंगराव म्हणाले. "म्हणजे प्रत्येक गोष्ट नियमाप्रमाणे झाली."

"एव्हरीथिंग."

प्राणेश हँगरचा फोरमन. त्याला जयसिंगरावांनी बाहेर, करंजाच्या झाडाखाली गाठलं आणि कन्नडमध्येच विचारलं. प्राणेश बुटाच्या टोकानं माती उकरत होता.

"शिसं वाढवलंस?"

"हौदु सर, हो. रंग वाळल्यावर झाकण उघडलं, शिसं घातलं. टिपणीस सर शेजारी उभे होते. स्क्रू आवळले, विमान थेट बाहेर काढलं. टच-अप करायला वेळ नव्हता."

"किती शिसं घातलंस?"

प्राणेश गडबडला. "स्वल्प... थोडं. सरांनी सांगितलं तेवढं."

जयसिंगरावांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. दोघांनी वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या भाषांत सांगितलेली गोष्ट शब्दाला शब्द जुळत होती. मात्र ज्यानं हातानं काम केलं, त्याला शिसं किती घातलं ते आठवत नव्हतं.

"उद्या सकाळी हँगरमध्ये थांब," ते म्हणाले. "सगळेच थांबा."

५

सकाळी हँगरच्या मधोमध दोन लोखंडी घोडे ठेवले होते. त्यांच्यामध्ये, मूळच्याच बिजागऱ्यांवर, ती निळी फळी अडकवली होती. जयसिंगरावांनी ती तळहातावर आडवी धरून ठेवली होती. समोर यशोवर्धन, सुहास, रम्या आणि प्राणेश. दारापाशी मथुरा. यशोवर्धननं तिला बाहेर बसायला सांगितलं होतं. ती हलली नव्हती.

"समतोल साधलेली फळी हात सोडला तरी आडवी राहते, नाहीतर पुढच्या बाजूला कलते," जयसिंगराव म्हणाले. "शिसं त्यासाठीच असतं. आता बघा. हिचा मागचा एक कोपरा तुटून गेलाय, म्हणजे मागचं वजन थोडं कमीच झालंय."

त्यांनी हात काढला.

फळी मागच्या बाजूला धाडकन खाली गेली आणि लोंबकळत राहिली. प्राणेशनं डोळे मिटून घेतले.

"एका फळीवर काही सिद्ध होत नाही," सुहास म्हणाला. "आदळताना आतलं शिसं निघालं असेल."

"झाकण तर बंद आहे. ये, जवळ ये. या चार स्क्रूंच्या खाचा बघ. चारही निळ्या रंगानं काठोकाठ भरलेल्या आहेत, पापुद्रा अखंड. रंग वाळल्यावर कुणी हे झाकण उघडलं असतं, तर स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं रंग सोलला असता. नंतर पुन्हा रंग लावला म्हणावं, तर तू आणि प्राणेश दोघंही सांगताय, टच-अपला वेळ नव्हता. मी न विचारता सांगितलंत." त्यांचा आवाज चढला. "या झाकणाला रंगानंतर कुणीही हात लावलेला नाही!"

प्राणेश पुढं आला. "नाही लावला, सर. मी शिसं आणायला निघालो होतो. टिपणीस सर म्हणाले, राहू दे. विमान पडल्यावर मला कोपऱ्यात घेतलं आणि काय सांगायचं ते पाठ करून घेतलं. नाहीतर सगळं तुझ्यावर येईल म्हणाले."

"हा खोटं बोलतोय," सुहास म्हणाला. "आपली चूक माझ्यावर ढकलतोय. आलेख तरी मी बनवला नाही ना?"

"तो छापायला सांगितला कुणी, हेही बघू. काटा आणि खरा वेग यांतला फरक ज्याला कळतो, त्यालाच ही लबाडी सुचेल. शितोळेंना तो फरक ठाऊकच नाही. पहिल्याच दिवशी शेतात हे मला म्हणाले, 'काट्यावर दोनशे अठ्ठ्याण्णव होते.' काट्यावर तो आकडा नव्हताच, फक्त रम्याच्या संगणकात होता. प्राणेशचा त्या खोलीशी संबंध नाही. आणि अवशेष सापडण्याच्या आधी, दुसरे लोक रणवीर जिवंत आहे का ते शोधत असताना, शेपूट का गेलं हे फक्त एका माणसाला कळलेलं होतं. रम्या, मी नाव काढलंय. तू नुसती मान हलव."

रम्यानं मान हलवली. मग मान वर करून मोठ्यानं म्हणाली, "टिपणीस सरांचाच फोन होता."

यशोवर्धन एक पाऊल मागं सरकला. "सुहास, तू मला सांगितलंस, त्यानं मर्यादा मोडली म्हणून! मी पेपरवाल्यांना तसंच..."

सुहासच्या चेहऱ्यावरची ती शांतता आता गेली. "आता माझं नाव पुढं करू नका! समतोल बदलला की थरथरीची चाचणी पुन्हा करायची, पहिल्या पायरीपासून पुन्हा उडायचं. महिना गेला असता. मी तुमच्या केबिनमध्ये येऊन सांगितलं होतं. तुम्ही काय म्हणालात? 'रंग बदललाय, विमान नाही.' माहितीपत्रकं छापून तयार होती, त्यांत कमाल वेग दोनशे बावन्न लिहिलेला होता! उड्डाण व्हायच्या आधी!"

"म्हणजे आकडा आधी छापलात," जयसिंगराव म्हणाले, "आणि तो खरा करायला माणूस वर पाठवलात."

"माझ्या हिशेबात तीनशे चाळीसपर्यंत जागा होती," सुहास पुटपुटला. "मला वाटलं, एवढ्याशा रंगानं काय होतंय."

"तो हिशेब पांढऱ्या विमानाचा होता, टिपणीस! निळ्याचा तू केलाच नाहीस. आणि पोराला सरळ दोनशे साठला पाठवलंस. निदान दोनशे वीसपासून सुरुवात केली असती, तर टिचकीची थरथर रेंगाळताना दिसली असती. तो परत आला असता."

मथुरा दारातून आत आली. ती कुणाच्याही अंगावर धावली नाही. सुहाससमोर दोन हातांवर थांबली.

"ह्यांनी त्या दिवशी तुम्हालाच विचारलं होतं ना? वजनं जुळवलीत का म्हणून?"

सुहासनं तोंड फिरवलं.

"माझ्याकडे बघा. ते काय म्हणाले? तुम्ही काय म्हणालात?"

"तो म्हणाला, तू सांगितलंस तरच बसतो." सुहास म्हणाला. "मी म्हणालो, झालंय."

"झालंय," मथुरा म्हणाली. "एवढंच?"

"एवढंच."

तिनं हात उचलला नाही, शिवी दिली नाही. यशोवर्धन घसा खाकरून पुढं झाला. "वहिनी, कंपनी तुमच्या पाठीशी आहे. जे काही लागेल ते—"

"तुम्ही गप्प बसा," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "ह्यांना हौस होती म्हणालात. मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही म्हणून बोललात. पुन्हा त्यांचं नाव तोंडात घेऊ नका."

हँगरच्या फाटकापाशी पोलिसांची जीप उभी होती. इन्स्पेक्टरला जयसिंगरावांनीच बोलावलं होतं. सुहास निमूटपणे चालत गेला. मागोमाग यशोवर्धनलाही इन्स्पेक्टरनं हाक मारली, तेव्हा तो वकिलाला फोन करायचाय म्हणून ओरडायला लागला.

६

परतताना मथुरानं मारतहळ्ळीच्या नाक्यावर जीप थांबवायला सांगितली. तिथं पिवळ्या पाटीचं एसटीडी बूथ होतं. तिनं बेळगावचा नंबर सांगितला. रणवीरचे वडील तिकडं राहत. मुलाच्या बदनामीनं त्यांनी दार लावून घेतलं होतं, कुणाला भेटत नव्हते.

जयसिंगराव काचेबाहेर उभे राहिले. दार नीट लागत नव्हतं, त्यामुळं आतलं सगळं ऐकू येत होतं.

"मामा, मी मथुरा. ह्यांनी काही चुकवलं नव्हतं. त्यांना खोटं सांगून वर पाठवलं." पलीकडून वडिलांनी काहीतरी विचारलं. मीटरवरचे लाल आकडे पळत होते. मग ती म्हणाली, "होय मामा, नावं ठाऊक आहेत. सांगते, सगळ्यांची सांगते. आधी दार उघडा आणि अंगणात जाऊन बसा. शेजाऱ्यांना दिसू द्या. तोंड लपवायचं ते त्यांनी, आपण नाही."

तिनं फोन ठेवला. डोळ्यांतून पाणी आता वाहत होतं, पण ती ते पुसत नव्हती. जयसिंगराव दार ढकलून आत आले.

"चल पोरी. घरी सोडतो. अहवाल मी आजच लिहायला घेतो."

"तुमचा अहवाल दिल्लीला जाईल, अण्णा. तो कोण वाचणार?" तिनं बूथवाल्याकडे वळून कन्नडमध्ये विचारलं, "पेपरच्या ऑफिसचा नंबर आहे तुमच्याकडे?"

बूथवाल्यानं टेलिफोनची जाडजूड डिरेक्टरी चाळून नंबर काढला. "कुणाला लावायचाय फोन, अक्का?"

"संपादकाला. तो नसेल तर येईपर्यंत मी धरून ठेवते." मथुरानं रिसीव्हर उचलून कानाला लावला. "लावा."